फ्लेअरवरचे पांढरे डाग वाचताना

मेंदूच्या एमआरआयमधल्या फ्लेअर या प्रतिमेवर पांढरे डाग दिसले की रिपोर्टात ‘वयोमानानुसार बदल’ एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. १९८७ पासून वापरात असलेली, डागांचं प्रमाण ठरवणारी फाझेकास श्रेणी लाव. व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कडेचे बदल वेगळे मोज, खोलवरच्या श्वेतद्रव्यातले वेगळे. दोन्हींना ० ते ३. खोलवर सुटे ठिपके असतील तर १, एकमेकांना भिडू लागले की २, मोठे सलग पट्टे झाले की ३. व्हेंट्रिकलच्या टोकांवरची पातळ टोपी उतारवयात खूप जणांना असते, तिथे अडकू नकोस. आतून काळा, कडेने पांढरा, ३ ते १५ मिलिमीटरचा खड्डा मात्र लॅक्यून, म्हणजे जुन्या छोट्या स्ट्रोकची खूण, समज आणि स्वतंत्र नोंदव.

आता रुग्णाकडे ये, कारण श्रेणी ३ असूनही घरचा हिशेब चोख ठेवणारे लोक असतात. नातेवाइकांना नुसतं ‘विसरतात का?’ विचारून भागत नाही. नेहमीच्या कामाला वेळ लागतो का, दोन गोष्टी एकत्र सांभाळताना गोंधळतात का, चाल मंदावली का, हे विचार. या बदलांचा फटका बहुधा आधी विचारांच्या वेगाला आणि नियोजनाला बसतो, म्हणून मोका या स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचणीतलं घड्याळ काढताना रुग्ण कुठे थांबतो ते स्वतः बघ. हिप्पोकॅम्पसची (मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागाची) झीजही तपास. अल्झायमर सोबत असणं काही दुर्मीळ नाही. आणि रक्तदाब मोजल्याशिवाय कुणाला घरी पाठवू नकोस.