म्युनिकला मुलांसह येणाऱ्यांसाठी
शाळा कोणती चांगली हे विचारण्याआधी मुलांची विभागणी कधी होते, ते समजून घ्या. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीनंतरच, म्हणजे मूल दहा वर्षांचे असतानाच, गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (मधली वाट) आणि मिटेलशूल (मुख्यतः व्यवसाय-शिक्षणाकडे नेणारी) अशा वाटा फुटतात. गिम्नाझियमच्या थेट प्रवेशासाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. (तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी, टक्क्यांची सवय सोडा.) गणिताची शाब्दिक उदाहरणेही जर्मनमध्येच असल्याने, पाचआधी ‘उम’ आले तर पाचने वाढले आणि ‘आउफ’ आले तर पाचपर्यंत वाढले, एवढ्याशा फरकापाशी हुशार मूल अडते आणि उणीव मात्र गणिताच्या खात्यात जमा होते. बर्लिनमध्ये हीच विभागणी साधारणपणे सहावीनंतर होते. भाषा पक्की होण्यासाठी ती दोन वर्षे मोलाची ठरतात. घरी मराठीच बोला, पण बालवाडी जर्मनच निवडा.