आधी पालक पिळ, मग चीजचं बघ

पहिल्यांदाच चिकन ब्रेस्ट भरून बेक करते आहेस ना, मग सगळं लक्ष पालकावर दे. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारातून कोवळी जुडी आण, लसणावर दोन मिनिटं परत आणि गार झाली की मुठीत धरून पिळ. हिरवं पाणी गळायचं थांबेपर्यंत पिळ. माझी पहिली खेप याच पाण्यानं बिघडली होती. चीज वाहून गेलं आणि चिकन भाजण्याऐवजी ट्रेमध्ये उकडलं. फार वाईट वाटलं होतं.

ब्रेस्टच्या जाड बाजूनं सुरीनं खिसा कर, आरपार जाऊ देऊ नकोस. किसलेलं मोझरेला आणि मिरपूड पालकात मिसळ. मीठ बेतानंच, चीजमध्ये असतंच. ठासून भरू नकोस. तोंड टूथपिकनं बंद करून वरून तेल-तिखट चोळ.

ओव्हन आधीच 200 अंशांवर तापव. साधारण 25 मिनिटं लागतात, पण ब्रेस्ट जाड असेल तर जास्त. म्हणून थर्मामीटर घेच: मांसात आणि सारणातही 74 अंश सेल्सिअस भरायला हवेत. काढल्यावर पाच मिनिटं कापू नकोस, रस आत मुरू दे. आणि टूथपिक मोजून काढ, जेवायला लहान मूल असेल तर दोनदा मोज.