वॉरंटी कार्ड राहू द्या, व्हॉट्सॲप जपा

प्रश्न : मी चिपळूणला राहतो. आई रोज काही तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असते. पावसात लाइट जाते म्हणून चौदा महिन्यांपूर्वी कराडच्या एका दुकानातून इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली, एकूण २४,८०० रुपयांना. आईचं मशीन चालवायचंय हे आधी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, मशिनचा फोटोही पाठवला होता. 'चार तास आरामात चालेल' असं उत्तर आलं. प्रत्यक्षात अर्ध्या तासात अलार्म वाजून मशीन बंद पडतं. इन्व्हर्टर कंपनीचा माणूस तपासून 'ओके' लिहून गेला. दुकानदार म्हणतो, दोषच नाही तर वॉरंटी कसली? बिल माझ्या स्टेशनरीच्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर आहे. काय करू?

उत्तर : कंपनीच्या माणसाने लिहिलेलं 'ओके' बहुधा खरं असेल. पंखा-दिव्यांसाठी ते इन्व्हर्टर ठीकच आहे. म्हणून वॉरंटीवरून भांडत बसू नका.

तुमचा खरा आधार मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकाने सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, बिलावर तसं लिहिलेलं नसलं तरी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली 'दोषा'ची व्याख्याही तुमच्या बाजूची आहे. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा माल उणा निघाला, तर तोही दोषच. एक मेख मात्र आहे. अमुक कंपनीचं अमुक मॉडेलच द्या, असं तुम्हीच सांगितलं असेल, तर कलम १६ चं संरक्षण निसटू शकतं. मॉडेल कोणी सुचवलं हे चॅटमध्ये बघा.

थोडं गणित. १२ व्होल्टच्या तुमच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर आहेत आणि पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातं. म्हणजे नव्या बॅटरीवर, घट धरूनही, चार तासांच्या आसपास जायला हरकत नव्हती. मला संशय इन्व्हर्टरचा आहे. तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा असेल, तर अशा मशिनला तो मानवत नाही, घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरींचा, साइन वेव्हचा लागतो. कॉन्सन्ट्रेटरच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून हे लेखी घ्या. पुराव्यात त्या एका कागदाचं वजन 'ओके'पेक्षा जास्त भरेल.

'जुनी बॅटरी द्या, एक्सचेंजमध्ये नवी घ्या' असं आता दुकानदार म्हणेल. देऊ नका, पुरावा भंगारात जाईल. दुसऱ्या मेकॅनिककडून काही उघडूनही घेऊ नका, कारण ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ खाली ग्राहक आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. चॅट ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका. छापील चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

आता बिल. समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, ही 'व्यावसायिक' खरेदी, हे ग्राहकच नव्हेत. घाबरू नका. मुंबईच्या लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये खरेदीचा मुख्य हेतू काय हे बघायला सांगितलं. परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेली घरं तिथे व्यावसायिक ठरली नाहीत. आईच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि ते चॅट तुमचा हेतू दाखवतात. पण या बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर ते आधी व्याजासह परत करा. घरगुती वापराच्या वस्तूवर ते मिळत नाहीच. शिवाय जीएसटीला 'दुकानासाठी' आणि आयोगाला 'आईसाठी' सांगितलंत, तर उलटतपासणीत फजिती तुमची. (असले बिलातले शहाणपण मी अशिलांत नेहमी बघतो.)

आधी दुकानदार आणि इन्व्हर्टर कंपनी दोघांना पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही तर तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा आयोगातच करा. ग्राहक राहतो तिथे ती करता येते, साताऱ्याला खेटे नकोत. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही होते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीपासूनच धरून चाला, म्हणजे दहा महिने उरले. मागणीत बिलाची रक्कम, व्याज, मानसिक त्रास आणि खर्च घाला. वारंवार लाइट जाण्याची भरपाई यात मिसळू नका, ती वाट वीज कंपनीच्या तक्रार मंचाची.

निकालाला वेळ लागेल, आईला तो नाही. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आजच घरी आणून ठेवा. आणि गॅलरीत छोटा पेट्रोल जनरेटर लावायचा विचार असेल, तर सोडा. त्याचा धूर आईच्याच खोलीत शिरेल.