रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी का उतरते?

नवी बॅटरी टाकूनही ट्रॅक्टर सकाळी सेल्फ घेत नाही, असं तुम्ही विचारलंय. दादा, लगेच बॅटरीला दोष देऊ नका. रात्री निगेटिव्हची वायर काढून ठेवा. सकाळी एका दमात चालू झाला, तर करंट वायरिंगमधून गळतोय; बहुतेक वेळा मागाहून जोडलेला टेप किंवा लाइट निघतो.

तरीही उतरली, तर बॅटरी कमजोर आहे किंवा ती पुरती चार्जच होत नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांना व्होल्टमीटर लावा: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. कमी आले तर आधी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का बघा. १५ च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय.

आपल्या परभणी-नांदेडच्या उन्हात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं अजिबात नको, क्षारांनी प्लेटा जातात.