दोन काढले, एक टाकलं आणि मागची रांग पुढे सरकली

तुमची अडचण मला कळली ती अशी. गावातल्या पर्जन्यमापकाचे सात दिवसांचे आकडे तुम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या लिस्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ ठेवलेल्या आकड्यांच्या यादीत, ठेवले. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या नोंदीवर भरवसा नव्हता, म्हणून त्या दोन्हींच्या जागी त्यांचीच सरासरी टाकली. त्यानंतर पेरावं की थांबावं हे सांगणारा प्रोग्राम एकाएकी 'थांबा' म्हणायला लागला. कुणीतरी नमपाय (पायथॉनमध्ये आकडेमोडीसाठी जोडायचा तयार संच) वापरायला सांगितलं, तर तिथे आकड्यांचा एक तुकडा काढून त्यात केलेला बदल मूळ आकड्यांतही उमटला. आणि आता तुम्ही विचारताय की हा बग आहे का.

बग नाही भाऊ. पण फसता तुम्ही एकटेच नाही. तुमचेच आकडे घेऊ:

पाऊस = [१२, ०, ३४, ८, ०, १७, ५]
पाऊस[२:४] = [२१]

(पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला 'पाऊस' असं मराठी नाव खुशाल देता येतं. आकडे मात्र कोडमध्ये रोमनच टाकावे लागतात, इथे मी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

तुम्हाला वाटलं, दोन्ही घरांत २१ बसेल. प्रत्यक्षात हाती येतं [१२, ०, २१, ०, १७, ५]. मोजा, सहाच आहेत. आधीची बेरीज ७६ होती, आता ५५ झाली. आपल्याकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतात, तुम्हीही ७५ चीच अट घातली आहे. म्हणजे प्रोग्रामने त्याचं काम चोख केलं, त्याच्या पुढ्यात एक दिवस कमी आला एवढंच.

लिस्ट म्हणजे बाजार समितीच्या फाटकाबाहेर लागलेली कापसाच्या बंड्यांची रांग समजा. स्लाइसमधले, म्हणजे लिस्टचा तुकडा दाखवणाऱ्या [२:४] मधले, २ आणि ४ हे बंड्यांचे नंबर नव्हेत, दोन बंड्यांमधल्या फटींचे नंबर आहेत. पहिल्या बंडीच्या पुढची फट ०, तिच्या मागची १, असं मोजत जायचं. पाऊस[२:४] = ... याचा अर्थ, फट २ ते फट ४ मधल्या बंड्या बाहेर काढा आणि उजवीकडे जे काही दिलंय ते तिथे घुसवा. दोन काढल्या, एक घातली, मागचे सगळे बैल एक पाऊल पुढे आले. पाच घातल्या असत्या तर मागे सरकले असते. दोन्ही बाजूंची संख्या जुळलीच पाहिजे, असं लिस्ट कुठेही म्हणत नाही. फटींचा हा हिशोब डोक्यात बसला की पाऊस[२:२] = [९] ने काहीच का पुसलं जात नाही, नुसती एक नोंद मध्ये का घुसते, तेही कळतं. आणि पाऊस[१००:२००] = [९] लिहिलं तरी चूक दाखवत नाही, गुपचूप शेवटी जोडून मोकळं होतं. पाऊस[१००] = ९ लिहून बघा, लगेच ओरडतं. हा फरक मला आजही आवडत नाही.

तुमच्यासाठी दुरुस्ती एका ओळीची आहे: पाऊस[२:४] = [२१, २१], किंवा पाऊस[२:४] = [२१] * २. बेरीज पुन्हा ७६.

खरी इजा मात्र बेरजेत नाही, ती तारखांत आहे. तुमच्या कोडमध्ये तारखांची लिस्ट वेगळी आहे आणि दोन्ही झिपने (दोन लिस्टमधल्या जोड्या लावणारं पायथॉनचं फंक्शन) जोडल्या आहेत. झिप छोटी लिस्ट संपली की थांबतो आणि हूं की चूं करत नाही. म्हणजे पाचव्या दिवसापासूनचा प्रत्येक पाऊस एक दिवस आधीच्या तारखेला चिकटला आणि सातवी तारीख गळाली. पायथॉन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट = ट्रू देता येतं, मग लांबी जुळली नाही की तो चूक दाखवतो. ते आजच लावा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये काट्यावरच्या नोंदींचा छोटासा प्रोग्राम मी लिहून दिला होता. एका गाडीचं वजन नावासकट चुकून दोनदा चढलं. मी वजनांच्या लिस्टमध्ये त्या दोन नोंदींच्या जागी एक टाकली, नावांच्या लिस्टला हात लावला नाही. त्या दिवशी त्यानंतरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर त्याच्या मागच्याचं वजन गेलं. संध्याकाळी एक म्हातारबाबा चिठ्ठी घेऊन आले, "बाबू, माह्या बंडीत नऊ क्विंटल होता ना, हे साडेपाच कोनाचे लेहून ठेवले?" ज्यांना जास्त लागले होते त्यांच्यापैकी एकही जण आला नाही, हेही सांगून ठेवतो. रात्री अकरापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या हाताने जुळवल्या.

आणखी एक खड्डा, कारण तुम्ही पुढे 'कोरडा' असा शेरा टाकायचं म्हणताय. पाऊस[२:४] = "कोरडा" लिहाल तर लिस्टमध्ये क, ो, र, ड, ा अशी पाच घरं होतील, काना-मात्रेसकट. उजवीकडची वस्तू पायथॉन एकेक करून उलगडतो, आणि स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) उलगडली की कोड पॉइंट, म्हणजे संगणक वेगळं धरतो ते एकेक चिन्ह, सुटे होतात. पूर्ण शब्द हवा तर ["कोरडा"] असा कंसात द्या, तोही दोनदा. नुसता आकडा, पाऊस[२:४] = २१, दिला तर टाइपएरर (चुकीच्या प्रकारची वस्तू दिल्याची चूक) येतो, ते एक बरं.

तिसरा आकडा घातला, म्हणजे पाऊस[::२] अशी एकाआड एक उचल केली, की मात्र लिस्ट कडक होते. चार घरं असतील तर चारच वस्तू लागतात, नाहीतर व्हॅल्यूएरर नावाची चूक दाखवते. विखुरलेल्या जागांत रांग सरकवायची तरी कशी? हा तिसरा आकडा भाषेत आला तो मुळात आकडेमोड करणाऱ्या मंडळींच्या आग्रहाने, पायथॉन १.४ मध्ये. साध्या लिस्टला तो २००३ साली, २.३ मध्ये मिळाला.

आता नमपाय. तो रांग नाही, ते तास पाडून ठेवलेलं वावर आहे. तास कमी-जास्त होत नाहीत. तिथे तेच [२१] दिलं तर दोन्ही घरांत २१ बसतं, नुसता २१ दिला तरी बसतं. तीन आकडे दिले तर चूक दाखवतो. तुम्हाला सुरुवातीला हवं होतं ते हेच. पण तुकडा = वावर[२:४] म्हटल्यावर नमपाय नवीन काही बनवत नाही, त्याच जमिनीवर बोट ठेवतो. तुकडा[०] = ० केलं की मूळ वावरातला तिसरा आकडा गेला. लिस्टचा तुकडा ही वेगळी प्रत असते, म्हणून तिथे असं होत नाही. वेगळी प्रत हवी तर वावर[२:४].कॉपी() घ्या (कॉपी अर्थात रोमनमध्ये).

शिवाय सगळे आकडे पूर्णांक असतील तर नमपाय पूर्णांकांचा अॅरे (त्याची आकड्यांची पक्की रांग) करतो. त्यात २०.५ टाकलात तर २० राहतील आणि काहीही न सांगता अर्धा मिलिमीटर जाईल. ७५ च्या काठावर बसलेल्या माणसाला तो अर्धाही लागतो. बनवतानाच प्रकार फ्लोट, म्हणजे दशांशाचे आकडे, असा सांगा.

[२१, २१] ची दुरुस्ती आणि झिपमधला बदल, दोन्ही करून चालवा. तरीही झिपने चूक दाखवली तर तारखांची लिस्ट जिथे बनवताय त्या चार-पाच ओळी इथे टाका, मला तिथेही एक दिवस कमी पडतोय असा संशय आहे.