लष्करी तळावरचं पर्यावरणाचं काम म्हणजे नुसते कागद रंगवणं असतं का?

तुमचा प्रश्न असा की, एमएस्सी झाल्यावर गोव्यातल्या एका लष्करी तळावर कंत्राटदारामार्फत पर्यावरण सहायकाचं काम मिळतंय; तिथे खरं काम असतं की कागद रंगवायचे असतात, प्रदूषणाचे कायदे फौजेला लागू तरी होतात का, आणि पगार-कायमपणाचं काय. मधला भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी गोव्यातच एका तळावर बरीच वर्षं केमिस्ट होते, तीही कंत्राटीच. तळाचं नाव लिहिणार नाही.

कायदे लागू होतात. पाण्याचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा, तिन्ही. १९८६ च्या कायद्यातलं कलम १७ मुळातून वाचा. सरकारी खात्याने कायदा मोडला तर खातेप्रमुख जबाबदार, असं तिथे स्वच्छ लिहिलंय आणि संरक्षण खातं त्यातून वगळलेलं नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिथली शिक्षा काढून एका महिन्याच्या मूळ पगाराएवढा दंड ठेवला. मला हा बदल अजिबात पटलेला नाही, पण जबाबदारी अजून खातेप्रमुखाचीच आहे. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियमही तळाला तसेच लागू.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आमच्याकडे गाड्यांच्या वर्कशॉपमागे जळक्या तेलाची दहा-बारा पिंपं उघड्यावर उभी होती. जनरेटरचं तेल, गाड्यांचं तेल, थोडं हायड्रॉलिक, सगळं एकत्र ओतलेलं. पिंपांच्या बुडाला गंज लागलेला. मे संपत आलेला. ज्यांनी गोव्याचा पाऊस पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आमचा तळ सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर आहे. जांभा वरून कातळ दिसतो, पण आतून भोकाभोकांचा असतो. सड्यावर सांडलेलं काहीही पाण्याबरोबर झपाट्याने खाली जातं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि उताराला झरीतून, विहिरीतून बाहेर येतं. आमच्या सड्याखाली एक वाडा, म्हणजे छोटी वस्ती आहे, त्यांच्या बायका त्या झरीवर पाणी भरतात. एकदा तेल आत गेलं की ते उपसून काढायची सोय कुणाकडेच नसते.

पिंपं कंडेम होऊन, म्हणजे निकामी ठरून, लिलावात गेली होती. सगळ्यात जास्त बोली लावणारा भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकावर हजर झाला. मी त्याच्याकडे जळक्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेचा परवाना मागितला. नव्हता. असं तेल भंगारवाल्याला देता येत नाही. प्रदूषण मंडळाचा परवाना असलेल्यालाच द्यावं लागतं आणि त्याबरोबर फॉर्म १० जावा लागतो. कुणी दिलं, किती दिलं, कोणत्या गाडीतून, कुणी घेतलं, सगळं त्यावर. तो फॉर्म भरायचं काम माझं होतं. मी भरला नाही.

वरून निरोप आला की लिलाव झालाय, पैसे जमा झालेत, पावसाआधी जागा मोकळी करायचीय, भरून टाका. मी लेखी कळवलं की हा माणूस तेल कुठे नेणार ते मला माहीत आहे: कुठल्या तरी भट्टीत जळण म्हणून, नाहीतर चांगल्या तेलात भेसळ करायला. दोन्हीचा धूर आणि घाण शेवटी माणसांच्याच पोटात जाणार. कागदावर तळाचं नाव, आणि खाली माझी सही. बिनपरवान्याच्या माणसाला तेल दिल्याचा पुरावा मीच कसा तयार करू? फोनवर पुष्कळ बोलणी खाल्ली. कंत्राटदाराने तर सरळ सांगितलं की तुम्हाला झेपत नसेल तर दुसरी केमिस्ट मिळेल.

माझ्या बाजूने उभा राहिला तो वर्कशॉपमधला एक जुना फिटर. त्याने स्वतःहून शेडमधले टायर हलवले, खाली सिमेंटचा बांध घालून घेतला आणि गळणारी पिंपं पहिली आत नेली. जमिनीवर सांडलं होतं तिथे लाकडाचा भुसा पसरून तो भुसाही पोत्यांत भरून वेगळा ठेवला. तेल लागलेला भुसा हाही घातक कचराच, हे त्याला मी सांगायच्या आधी माहीत होतं. पाऊस लागला तेव्हा सगळी पिंपं छपराखाली होती.

नियमाप्रमाणे हा कचरा नव्वद दिवसांच्या आत बाहेर जायला हवा. तो गेला नाही. मंडळाकडे मुदत वाढवून मागावी लागली, लिलाव रद्द होऊन नव्याने झाला, परवानेवाला मिळाला आणि पिंपं गेली ती चवथ झाल्यावर.

त्या चवथीला घरात सगळे जमले होते. माझे थोरले दीर नौदलातून निवृत्त झालेत. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली, जेवणं झाली आणि भावोजींनी सगळ्यांसमोर विषय काढला. "दहा पिंपांसाठी हिने तीन महिने काम अडवलं. उद्या लढाई लागली तर काय पिंपं मोजत बसणार?" मी तेव्हा गप्प राहिले, मोठ्यांसमोर वाद नको म्हणून. आज इथे उत्तर देते.

भावोजी, लढाईची तयारी म्हणजे फक्त विमान आणि दारूगोळा नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दाबोळीहून उडालेलं नौदलाचं मिग-२९के विमान पक्ष्यांचा थवा लागून वेर्ण्याजवळ कोसळलं. दोन्ही वैमानिक वेळीच बाहेर पडले म्हणून वाचले. पक्षी धावपट्टीजवळ उगाच येत नाहीत. उघडा कचरा, मासळीची घाण, कोंबड्यांची आतडी जिथे पडतात तिथे घारी आणि कावळे जमतात. म्हणूनच विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत अशी घाण टाकायला १९३७ च्या विमान नियमांनी बंदी घातली. मेसच्या मागची बादली झाकलेली आहे का, हे बघणाऱ्या माणसाचं काम त्या वैमानिकाच्या जिवाशी जोडलेलं आहे. आणि पाणी? तळावरची कुटुंबंही याच सड्याखालचं पाणी पितात. तुमचीच नातवंडं तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलीत. फौजेची शिस्त तुम्ही आम्हाला आयुष्यभर शिकवलीत; मग घातक कचऱ्याची नोंदवही लिहिताना ती शिस्त कुठे जाते?

असो. तुमच्याकडे वळते.

रोजचं काम म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटचे नमुने, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर चालू आहे की फक्त लॉगबुकात चालू आहे ते बघणं, कन्सेंटच्या (मंडळाच्या संमतीच्या) तारखा, घातक कचऱ्याची नोंद आणि ३० जूनच्या आत त्याचा वार्षिक अहवाल, गाड्या धुण्याच्या रॅम्पवरचा ऑइल ट्रॅप, म्हणजे पाण्यातलं तेल अडवणारी टाकी, साफ करून घेणं, ओला-सुका वेगळा होतोय का ते मेसमध्ये जाऊन पाहणं. झाडं लावणं आणि ५ जूनचा पर्यावरण दिनाचा कार्यक्रम यात तुमचा फार वेळ खाल्ला जाईल. त्याला माझा विरोध नाही, पण रोपासोबत फोटो काढला म्हणजे ऑइल ट्रॅप साफ होत नाही, हे साहेबांना तुम्हालाच सांगावं लागेल. कागद रंगवणारे आहेत, मी पाहिलेत. पण त्याच खुर्चीवर बसून खरं काम करता येतं, हेही तितकंच खरं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. फौजेला थोड्या सवलती आहेत. लष्करी दवाखान्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यावर देखरेख राज्याच्या मंडळाची नसते, ती सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे असते. संरक्षणाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीत जनसुनावणीतून सूट मिळते, किनारपट्टीच्या नियमांतही मोकळीक आहे. पण सूट परवानगीच्या पद्धतीत आहे, जळकं तेल मातीत ओतायची सूट कुणालाच नाही. दुसरं, तळावर फोटो काढू नका, नमुन्याच्या बाटलीचासुद्धा नाही. गुपितांचा १९२३ चा कायदा फार कडक आहे. काही चुकीचं दिसलं तर लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. बाहेर बोंब मारण्याआधी आतला रस्ता पूर्ण वापरा. माझ्या वेळी तो चालला, सगळीकडे चालेलच असं नाही.

रुजू व्हायच्या आधी कंत्राटदाराला एवढं विचारा: फॉर्म १० वर सही कुणाची असेल? तुमची असेल तर नाही म्हणायचा अधिकारही तुमचा असेल का? हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

कायम होण्याची आशा धरू नका, कंत्राट संपलं की नवा कंत्राटदार, नवं पत्र. पगार तो देईल तेवढा. पीएफ आणि ईएसआय खरंच भरतोय का ते पहिल्या स्लिपपासून तपासत जा.