सगळे कंडेन्सर बदलू का?

या वेळी आलेल्या पत्रांत जुन्या संगणकांचे कंडेन्सर हाच विषय सगळ्यात जास्त आहे. वीज थोडा वेळ साठवणारा हा भाग पुस्तकात कपॅसिटर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंडेन्सर. मी दुकानातलाच शब्द वापरतो.

काकांच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला. चालू करण्याआधी सगळे कंडेन्सर बदलून टाकू का?

सगळे नकोत. सिंक्लेअरच्या ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमचा हा भारतीय भाऊ आपल्याकडे १९८६ साली परवान्याखाली विकायला आला. आत मूळ ४८ के स्पेक्ट्रमचीच रचना आहे. बोर्डावरचे छोटे चपटे सिरॅमिक कंडेन्सर सहसा मरत नाहीत, त्यांना हात लावू नका. बदलायचे ते इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले डबे. आडवे झोपलेले, दोन्ही टोकांना एकेक पाय असलेले. तसे आडवे मिळाले नाहीत तर उभे आणा, एका पायावर प्लास्टिकची नळी चढवा आणि झोपवून बसवा. दिसायला गबाळं, कामाला चोख.

पण त्याआधी अ‍ॅडॅप्टर बघा. मूळ स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मधे मायनस असतो आणि आज घरात पडलेल्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरना मधे प्लस. उलटा लावलात तर नवे कंडेन्सर काय करणार? मग मीटर घेऊन खालच्या १६ के मेमरीच्या एखाद्या ४११६ चिपवर व्होल्टेज मोजा : पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. उणे ५ गायब असेल तर लगेच बंद करा. त्याच्याविना बाकीचे व्होल्टेज मिळत राहिले की या चिपा तापून जातात.

मॅकिंटॉश एसई/३० अमेरिकेतून आणला. आवाज नाही, पडद्यावर आडवे पट्टे. बोर्ड तर स्वच्छ दिसतो.

स्वच्छ दिसतो, असतो असं नाही. बोर्ड तिरका धरून उजेडात बघा. छोट्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांच्या बुडाशी ओलसर चकाकी दिसेल आणि शेजारच्या चिपांचे पाय चांदीसारखे न दिसता राखाडी, मळकट दिसतील. १९८९ चा हा मॅक. बोर्डाला भोक न पाडता वरच चिकटवलेल्या, त्या सुमाराच्या इलेक्ट्रोलिटिकचं रबरी बूच आतल्या द्रवापुढे टिकत नाही. कमोडोरच्या अमिगा ६०० आणि १२०० या संगणकांचीही हीच कथा. द्रव बोर्डावर पसरतो, चिपांच्या पायांखाली शिरतो आणि तांब्याचे ट्रॅक खातो. सोल्डरिंग आयर्न टेकवलंत की सुक्या बोंबलाचा वास येईल. एकदा आला की विसरत नाही. खिडकी उघडी ठेवा.

आधी बोर्डावरची अर्ध्या पेन्सिल सेलएवढी ३.६ व्होल्टची बॅटरी काढून टाका. ती फुटली तर कंडेन्सरपेक्षा जास्त नासाडी करते. पडद्याच्या काचेच्या नळीत संगणक बंद असतानाही हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. नळीत साठलेलं व्होल्टेज उतरवायची रीत शिकवणारा माणूस जवळ नसेल तर तिच्या आसपास हात घालू नका.

डबे उपटण्याच्या रीतीवरून भांडणं होतात. कुणी पकडीने पिळून काढतात आणि शपथेवर सांगतात की काही होत नाही. मी करत नाही. द्रवाने पॅड, म्हणजे डबा ज्यावर सोल्डर केलेला असतो तो तांब्याचा चौकोन, आधीच सैल केलेला असतो, तो डब्याबरोबर उठून आला की पुढचे दोन रविवार तार ओढण्यात जातात. गंजलेलं जुनं सोल्डर नुसत्या उष्णतेने वितळत नाही. त्यावर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला लावणारा लेप) आणि थोडं नवं ६३/३७ (कथील-शिसे) सोल्डर द्या, मग दोन आयर्न दोन्ही बाजूंना एकदम टेकवा. डबा आपोआप सुटतो. ओढू नका, नुसता बाजूला सरकवा.

आता खरं काम : धुणं. नवे कंडेन्सर बसवायच्या आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांचा जुना ब्रश घेऊन पॅड आणि आजूबाजूच्या चिपांचे पाय घासा. पुन्हा घासा. हाताचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. नवे कंडेन्सर लावूनही आवाज आला नाही अशा ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत बहुतेकदा कंडेन्सर ठीक असतो, धुणं अर्धवट असतं किंवा एखादा ट्रॅक तुटलेला असतो. मीटरच्या बीपवर प्रत्येक ट्रॅक तपासा.

गळके डबे काढून टँटलम बसवले तर कटकटच मिटेल ना?

गळण्याची मिटेल, टँटलम धातूच्या या कंडेन्सरांत द्रव नसतो. दोन गोष्टी सांभाळा. ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा काढलात तरी तो ज्या व्होल्टेजच्या लाइनवर आहे तिच्या निदान दुप्पट व्होल्टेजचा टँटलम घ्या. बारा व्होल्टच्या लाइनवर १६ चा टँटलम म्हणजे फटाका. दुसरी गोष्ट पट्टीची. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावरची काळी खूण मायनसची, टँटलमवरची पट्टी प्लसची. हे मी गेली अनेक वर्षं इतरांना सांगत आलो आणि एका रात्री दहानंतर स्वतःच उलटा बसवला. तो पिवळा ठोकळा आधी लाल झाला, मग पेटला. बोर्डावरचा काळा डाग अजून आहे.

बोर्डावरच्या छापील प्लस-मायनस खुणेवरही आंधळा विश्वास नको. अमिगाच्या ए३६४० प्रोसेसर कार्डाच्या काही आवृत्त्यांत तीन कंडेन्सर कारखान्यातूनच उलटे लागले होते.

शाळेच्या अडगळीत बीबीसी मायक्रो मिळाला. चालू केल्यावर दहा मिनिटांत फट् झालं, पांढरा धूर आला, पण संगणक चालूच आहे!

चालूच राहतो, म्हणून लोक फसतात. लगेच प्लग काढा. हा शाळेत कसा, असं विचारलंय : १९८४ च्या सुमारास सरकारच्या संगणक-साक्षरतेच्या 'क्लास' योजनेत बीबीसी मायक्रोच शाळांत गेले होते. फुटला तो पॉवर सप्लायमधला, मेन लाइनवरचा पारदर्शक पिवळट फिल्टर कंडेन्सर. आत कागद, वर इपॉक्सी. इपॉक्सीला केसासारख्या भेगा पडतात, कागद दमट हवा ओढतो, आणि २३० व्होल्ट मिळाले की जळतो. त्या जागी त्याच मापाचा, एक्स २ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा पॉलिप्रोपिलीनचा लावा. दुसरा साधा नको, हा थेट मेनवर बसतो. सप्लायमधल्या मोठ्या डब्यात सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, प्लग काढल्यावरही. मीटरने मोजून शून्य दिसल्याशिवाय बोट लावू नका.

पेंटियम ४ हँग होतो. मीटरवर कंडेन्सरची किंमत, म्हणजे मायक्रोफॅरड, बरोबर येते.

किंमत बरोबर असूनही आतला अवरोध, म्हणजे ईएसआर, वाढलेला असतो. साधा मीटर तो दाखवत नाही. ईएसआर मीटर हवा. पण तुमच्या बाबतीत आधी डोळे वापरा. साधारण १९९९ ते २००७ दरम्यानच्या बऱ्याच मदरबोर्डांत वाईट इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर लागले. प्रोसेसरशेजारच्या रांगेत एखाद्याचं डोकं सपाट नसून पुरीसारखं फुगलेलं असेल, तर ती अख्खी रांग बदला, लो-ईएसआर, १०५ अंशांचे घेऊन. पुण्याच्या तपकीर गल्लीत मागाल तेव्हा 'लो-ईएसआर' हे शब्द उच्चारा, नाहीतर पंख्याचा कंडेन्सर पुढ्यात येईल.